कूलर बंद करून ऐकलेली सिम्फनी

“हालू नका! बिलकुल हालू नका!”

अकोल्याच्या बसस्टँडवर, मे महिन्याच्या भर दुपारी, एक अनोळखी माणूस माझ्यावर असा ओरडला. मी जागच्या जागी थिजले. वाटलं, पायाशी साप आहे की काय…

साप नव्हता. माझ्या पिशवीतून पडलेली कॅसेट होती. तिची तपकिरी फीत माझ्या सँडलच्या बकलात अडकली होती आणि मी तशीच दहा-बारा पावलं चालत आले होते. मागे फरशीवर नुसती चमकती रेघ. एका टोकाला कॅसेट, दुसऱ्या टोकाला मी.

तो खांद्यावरचं वायरचं भेंडोळं बाजूला ठेवून चक्क माझ्या पायाशी उकिडवा बसला. सावळा, उंच, सदऱ्याच्या खिशाला टेस्टर अडकवलेला. एवढ्या राकट हातांची बोटं इतकी हलकी असतील असं वाटलं नव्हतं.

“पाय जरासा उचला… नाई, एवढा नाई. हां, बस.”

“तुटली का हो?”

“आधीचीच तुटेल दिसते. हे पाहा, चिकटपट्टी लावेल हाय.” त्यानं मान वर केली. “काय हाय हिच्यात? कीर्तन?”

“सिम्फनी.”

“कोण?”

मला हसू आलं. त्या उन्हात, त्या धुळीत, ती कॅसेट लोकांच्या पायाखाली जाता जाता वाचली होती आणि मी हसत होते.

मी वर्षाली. तेव्हा सव्वीस वर्षांची होते. घर चांदूर बाजारचं, घरी संत्र्याचा बगीचा. मी मात्र अमरावतीला राजापेठेतल्या एका क्लासमध्ये दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवायचे आणि जवळच खोली घेऊन राहायचे. कॅसेट खुशालराव सरांची होती. कॉलेजात सरांनी मला पाच वर्षं इंग्रजी शिकवलं. आता ते निवृत्त होते, आणि दुर्गाकाकू गेल्यापासून घरात एकटे. त्यात दोन्ही कान दगा देऊ लागलेले. कानाचं मशीन आणलं होतं, पण डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, पुढच्या वर्षापर्यंत बोलणं कळेल, संगीत कळेलच असं नाही.

“वर्षाली,” सर एका रविवारी म्हणाले, “या कॅसेटवर जे वाजतं ते कोणी वाजवलंय, एवढं मला शोधून देशील?”

एका इंग्रज संगीतकाराची ती पाचवी सिम्फनी होती. पाऊणशे माणसांचा वाद्यमेळ, चार भाग, मिळून चाळीस मिनिटं. दुसऱ्या महायुद्धात, लंडनवर बाँब पडत असताना, सत्तरीच्या म्हाताऱ्यानं ती लिहून पुरी केली होती आणि तिच्यात युद्धाचा मागमूस नव्हता. सरांनी एकोणीसशे त्र्याऐंशी साली ती रेडिओवरून टेप करून घेतली. शेवटी निवेदक नावं सांगतो, तिथे नेमकी खरखर. ही सिम्फनी बऱ्याच वाद्यवृंदांनी वाजवलेली; यातला कोणता, ते सरांना चाळीस वर्षं कळलं नव्हतं. फीत आता बुरसली होती. तेच ध्वनिमुद्रण सापडलं, तर कान आहेत तोवर स्वच्छ ऐकता येईल, एवढंच त्यांचं म्हणणं.

कुणीतरी सांगितलं होतं, अकोल्यात जुन्या शहरात पुंजाजी टेपवाले म्हणून आहेत, ते कसलीही कॅसेट जिवंत करतात.

“पुंजाजीकडे चालल्या का?” फीत बोटाभोवती गुंडाळत तो म्हणाला. “थे तं गेले ना बापा, दोन वर्सं झाली. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. द्याची तं मले द्या.”

“तुम्ही कोण पण?”

“ओमप्रकाश.” नाव सांगताना तो थोडा लाजला. “बाबाले नावात जोर पायजे होता. तुमी ओम म्हना.”

मोर्णा नदी ओलांडली की जुन्या शहरात एका बोळाच्या तोंडाशी त्याचं दुकान होतं. ‘माणिक साउंड सर्व्हिस’. माणिक म्हणजे त्याची आई, माणिकबाई. लग्नाकार्यात साउंड लावायचा आणि उरलेल्या वेळात अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायचा. भिंतीला छतापर्यंत स्पीकर रचलेले, मध्ये एक टेबल, दोन स्टूल, आणि खिडकीत बसवलेला भलामोठा कूलर.

त्यानं कॅसेटचे बारीक स्क्रू उघडले, फीत इंच इंच पुसली, नव्या खोक्यात भरली आणि संगणकावर उतरवून घेतली. पहिल्यांदा सूर उमटले तेव्हा मी श्वास रोखला होता. त्यानं डोळे मिटले होते.

“खरखर लय हाय,” जरा वेळानं तो म्हणाला. “आवाज मधामधात जाते अन् येते. पण काय वाजवून राहिले वो… याले कुठं जाचीच घाई नाई.”

त्या दिवशी मी शेवटच्या बसनं परतले, आणि पुढच्या रविवारी पुन्हा अकोल्याच्या बसमध्ये बसले. नंतरच्याही.

काम सोपं वाटलं होतं. मोबाईलवर त्या सिम्फनीची आठ ध्वनिमुद्रणं मिळाली. एकेक लावायचं, कॅसेटशी ताडून पाहायचं. तुलनेसाठी आम्ही तिसरा भाग निवडला, सरांचा सगळ्यात आवडता. पण तो सुरूच इतक्या हळू होतो की कूलरच्या घरघरीत काही म्हणता काही ऐकू येईना.

“कूलर बंद कराव लागन,” ओम म्हणाला.

“पंचेचाळीस डिग्री आहे बाहेर!”

“मंग काय करता? म्हातारबुवा जोरात वाजवाले तयार नाई.” संगीतकाराचं नाव त्याला कधी उच्चारता आलं नाही. त्यानं त्याचं म्हातारबुवा करून टाकलं होतं.

कूलर बंद. खिडकी बंद, कारण बोळात रिक्षा. आणि मग त्या भट्टीत आम्ही दोघं, घाम निथळत, जागचे न हलता… कुठून तरी फार लांबून यावे तसे व्हायोलिनचे सूर, आणि त्यांच्यावर एकच जाड, उदास वाद्य.

“हे आपल्या सनईची मोठी बहीन वाटते,” तो पुटपुटला. “सासरी गेलेली.”

“श्शू!”

“अहो, बोललो तं घाम कमी येते.”

कॅसेटवर तो भाग बरोबर अकरा मिनिटांचा होता. बाकीचे कुणी दहात उरकत, कुणी बारा लावत. ओमनं सगळ्या वाद्यवृंद-संचालकांना नावं ठेवली. एक घाईवाला (“याले बस पकडाची हाय”). एक मिलिटरीवाला (“वाद्य नाई, कवायत चालू हाय”). आणि एक झोपाळू, जो अकरा मिनिटं चाळीस सेकंदांपर्यंत जायचा. झोपाळू चालू असताना माझ्या ओढणीनं मी त्याला वारा घालायचे, आणि तो डोळे मिटूनच म्हणायचा, “हा मानूस वाईट नाई. याले अजून वेळ द्या.” पण चाळीस सेकंदांचा फरक म्हणजे फारच झाला. वहीत मी झोपाळूवर काट मारली.

दुसऱ्या रविवारी तो कुणाकडून तरी पेटी घेऊन आला. कॅसेट लावली, एक पट्टी दाबली, कपाळाला आठ्या घातल्या.

“कॅसेट अर्धी पट्टी चढी हाय. बाकीच्या समद्यांपेक्षा.”

“जुनी कॅसेट आहे. चालायचंच,” मी म्हणाले. मला पुढचं ऐकायची घाई होती… पुढचं, म्हणजे त्याचं बोलणं.

एक गोष्ट मला खटकायची. इतके चांगले स्पीकर असून तो सगळं एकाच स्पीकरवर लावायचा. मी एकदा विचारलंही, “डावीकडून व्हायोलिन, उजवीकडून बाकीचे, असं वेगवेगळं नाही का ऐकायचं?” तो म्हणाला, “लग्नात कोन आयकते वो तसं?” आणि विषय संपवला. माणिकबाई पातूरच्या मळ्यातून भाजी घेऊन यायच्या, दुकानात वांगी ठेवून जायच्या. बोलण्याआधी त्या नेहमी त्याच्या दंडाला हात लावायच्या. मायेनं लावत असतील, असं मला वाटायचं.

त्या उकाड्यात माझं क्लासमधलं मराठी कधी वितळून गेलं, कळलंच नाही. तिसऱ्या रविवारी मी “कूलर चालू कर ना बापा, जीव जाऊन राहिला माह्या” असं म्हणाले आणि तो पोट धरून हसला.

“आता कशी घरच्यासारखी बोलली!”

“अन् तू काहून ‘वो’ लावत नाई आता?”

‘तुमी’ कधी गेलं होतं, ते दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

चौथ्या रविवारी मात्र मी गेले ती तोंड पाडूनच. घरून फोन आला होता. पुण्याचं स्थळ, मुलगा इंजिनीअर, जूनमध्ये बघायला येणार. मी ओमला सांगितलं. का सांगितलं? तो काय म्हणतो ते ऐकायचं होतं, दुसरं काय!

तो वायर गुंडाळत होता. गुंडाळतच राहिला.

“चांगलं हाय,” शेवटी म्हणाला. “पुन्यात म्हने असे कार्यक्रम होतात. खरी मानसं समोर बसून वाजवतात.”

“बस? एवढंच?”

“आनखी काय म्हनू…”

मी पाठ फिरवली. कूलर त्यानं न सांगताच चालू केला.

जूनच्या पहिल्या रविवारी आम्ही मिळून सरांकडे जायचं ठरवलं. ओमनं कॅसेटवरचा आवाज पार नितळ केला होता. खरखर काढली होती. मधेमधे आवाज बारीक व्हायचा, तोही त्यानं मेहनतीनं सगळीकडे सारखा करून घेतला होता. मी सकाळीच अकोल्याला येऊन त्याला घेतलं आणि अमरावतीच्या बसमध्ये बसलो. येताना मला आणखी एक, नववं ध्वनिमुद्रण मोबाईलवर सापडलं होतं. तिसरा भाग, दहा मिनिटं अठ्ठावन्न सेकंद! मला धीर निघेना.

“मी खिडकीत बसतो ना,” ओम म्हणाला, “तुले ऊन लागन.”

“खिडकी माही हाय,” मी म्हणाले आणि बसले. त्याच्या डाव्या हाताला. एक इअरफोन माझ्या कानात घातला, दुसरा मीच त्याच्या कानात बसवला. माझी बोटं त्याच्या कानाला लागली आणि तो दचकला. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं… आणि मिटलं.

मूर्तिजापूर मागे पडलं. बाहेर काळी, नांगरून ठेवलेली जमीन. पहाटेपासूनचा प्रवास, ते सूर आणि खिडकीतून येणारी झळ… माझी मान कधी त्याच्या खांद्यावर कलली, मला कळलं. कळूनही मी ती उचलली नाही. तोही हलला नाही. अकरा मिनिटं तो इतका स्थिर बसला होता की मला वाटलं, माझ्यासारखाच तोही त्या संगीतात बुडाला असेल.

“हेच ना, ओम? हेच!” मी डोकं वर करून विचारलं.

तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. “हो…” म्हणाला. “हेच.”

खुशालराव सर दारातच उभे होते. मी जिना चढता चढताच संचालकाचं नाव ओरडून सांगितलं. सरांचे डोळे भरून आले. त्यांनी फाउंटन पेन काढलं आणि कॅसेटच्या कार्डावर, चाळीस वर्षं कोऱ्या राहिलेल्या ओळीवर, ते नाव ठळक अक्षरांत लिहिलं.

मग ओमनं नितळ केलेली कॅसेट लावली. सर मशीन कानात नीट बसवून ऐकू लागले. तिसरा भाग आला. त्यांचा चेहरा हळूहळू गोंधळल्यासारखा झाला.

“इथे आवाज जायला हवा,” ते म्हणाले.

“मी सारखा केला सर,” ओम कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाला.

“हो का…” सर थांबले. “त्याचं असं झालं होतं… त्या संध्याकाळी लाईट गेले होते. टू-इन-वन रेडिओ-टेप सेलवर लावला. रेडिओ काही केल्या धरेना. तेव्हा दुर्गा गच्चीवर एरियलची तार हातात धरून उभी राहिली. आमच्या लग्नाला चारच महिने झाले होते. तिला या संगीतातलं काही कळत नव्हतं. चाळीस मिनिटं उभी होती बिचारी. हात भरून आला की ती हात बदलायची आणि तेवढ्यात आवाज जायचा. तिसऱ्या भागात चार वेळा.” ते हसले. “मला ती चार ठिकाणं पाठ आहेत.”

ओमची मान खाली गेली. “मूळ हाय सर माह्याजवळ. जसंच्या तसं हाय. आनून देतो.”

“असू दे रे. आता तुम्ही शोधलेलं तरी लावा.”

मी मोबाईल जोडून तिसरा भाग लावला. दोन मिनिटंही झाली नसतील. सरांनी हात वर केला.

“नाही, बाळ. हे ते नाही.”

“सर, नीट ऐका ना…”

“हा ते सनईसारखं वाद्य वाजवणारा वेगळा आहे. ह्याचा श्वास लांब आहे.” आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. “असू दे. तुम्ही खूप केलंत.” आणि त्यांनी पेन उघडून कार्डावरचं नाव रेघ मारून खोडलं. रेघ तिरपी गेली.

फाटकाबाहेर आल्यावर मी ओमला अडवलं.

“तुले फरक कळत नाई असं होत नाई. तू नीट आयकलं होतं ना बसमधी?”

त्यानं फाटकाची कडी लावली. मग म्हणाला, “नाई.”

“म्हंजे?”

“मले डाव्या कानानं आयकू येत नाई, वर्षाली. नऊ वर्षाचा होतो, गालगुंड झाले. तवापासून बंद हाय. मायेशिवाय कोनाले मालूम नाई. साउंडवाला एका कानानं बहिरा हाय म्हटल्यावर काम कोन देईन?”

“मंग बसमधी…”

“काईच आयकू आलं नाई.”

“तं हो काहून म्हटलं?”

“तू लय खुश होती.” तो जमिनीकडे बघत होता. “अन् सांगतलं असतं तं तू कानातून काढून घेतलं असतं. अकरा मिनिटं तुहं डोकं माह्या खांद्यावर होतं. थे मले हलवाचं नव्हतं.”

कुठल्याही मुलीनं यावर काय करायला हवं होतं? माझ्या छातीत खरोखर काहीतरी उसळून वर आलं होतं. पण डोळ्यांसमोर ती तिरपी रेघ होती.

“सरांनी शाईनं नाव लिहिलं होतं,” मी म्हणाले. “तुह्या अकरा मिनिटांपायी… जा तू, ओम.”

तो गेला. राजापेठेच्या त्या गर्दीत त्याची उंच पाठ कितीतरी वेळ दिसत राहिली आणि मी हाक मारली नाही.

पुढचा महिना कसा गेला, आठवत नाही. फोन त्यानं केला नाही, मी केला नाही. क्लास सुरू झाले. पुण्याचा मुलगा बघायला येऊन गेला. भला होता. मला संगीताची आवड आहे म्हटल्यावर हसून म्हणाला, “मीही ऐकतो, काम करताना मागे काहीतरी लागतंच.” त्यात चुकीचं काहीच नव्हतं. मी तेवढ्यात मनाशी म्हणाले, हा माझ्यासाठी कूलर बंद करेल का? आणि स्वतःचाच राग आला. आठवड्यात उत्तर कळवते, असं मी बाबांना सांगितलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सरांचा फोन आला, लगेच ये म्हणून. धावतच गेले. सर टेबलाशी बसले होते, समोर एक जुना टू-इन-वन.

“काल ओमप्रकाश येऊन गेला,” ते म्हणाले. “एकटाच. हे बघ.”

कॅसेटच्या कार्डावर, खोडलेल्या नावाखाली, नवं नाव होतं. मी वाचलं आणि ओरडलेच.

“झोपाळू!”

“तो मलाही हेच नाव सांगत होता,” सर मोठ्यानं हसले. “मी लाईट गेल्याचं बोललो होतो ना, ते त्यानं धरून ठेवलं. सेल उतरलेले असले की टेप भरताना फीत हळू फिरते. मग नंतर लावताना ती पुढे पळते. सूर चढतो, वेळ कमी भरतो. हा अगदी तसाच जुना टेप त्यानं कुठून तरी मिळवला, उतरलेले सेल घालून भरून पाहिलं, पेटीवर सूर लावून पाहिला. सूर खाली आणला तशी कॅसेट अकरा मिनिटांवरून अकरा-चाळीसवर गेली. आणि ती तुमच्या झोपाळूशी श्वासाला श्वास जुळली.”

पेटी. ‘अर्धी पट्टी चढी हाय.’ त्यानं सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

“दोन्ही लावून दाखवलं त्यानं. आधी ते स्वच्छ. मग आपलं, दुर्गाच्या हातचं, काही न पुसता.” सरांनी चष्मा काढून ठेवला. “आणि जाताना म्हणाला, सर, त्या दिवशी मी खोटं बोललो, वर्षालीची चूक नव्हती. कानाचंही सांगितलं. मी काही विचारलं नव्हतं गं. माझ्याकडे दोन कान होते तेव्हा मला जे जमलं नाही, ते त्यानं एका कानानं केलं.”

जे कुणालाच सांगायचं नव्हतं, ते तो माझ्यासाठी सांगून गेला होता.

दुसऱ्या दिवशी क्लासला दांडी मारून मी पहिल्या बसनं अकोल्याला गेले. दुकानाला कुलूप. शेजारचा म्हणाला, पावसानं ताण दिला, पोरगा ओलितासाठी पातूरच्या मळ्यात आहे. तशीच पुढच्या गाडीत बसले. रस्त्यापासून मळ्यापर्यंत विचारत विचारत चालत गेले.

वांग्याच्या सऱ्यांना पाणी चाललं होतं. माणिकबाई आणि चार बाया तण निंदत होत्या. पलीकडच्या टोकाला ओम, गुडघ्यापर्यंत चिखलात, हातात फावडं. विहिरीवरच्या जुन्या मोटरीची घरघर सगळ्या वावरात भरून राहिलेली.

मला पाहून तो उभाच राहिला. मी बांधावर थांबले. बसमध्ये किती वाक्यं जुळवली होती. सरांचं, पेटीचं, माफीचं. त्यातलं एकही आठवेना.

“मले तुह्याशी लग्न कराचं हाय,” मी म्हणाले.

“काय?” त्यानं कानाशी हात नेला.

मी दोन पावलं पुढे झाले. “लग्न कराचं हाय तुह्याशी!”

“काय म्हनतं? मोटर चालू हाय!”

आता मात्र मला रडू यायचं बाकी होतं. मी छातीत होता नव्हता तेवढा जोर आणला आणि ओरडले, “मले तुह्याशीच लग्न कराचं हाय, ओम…”

आणि त्याच क्षणी लाईट गेले. मोटर बंद पडली. ‘…प्रकाश!’ हा माझा शेवटचा शब्द एकटाच त्या शांततेत घुमला.

निंदणाऱ्या बायांचे हात थांबले. मग एकच हशा पिकला. माणिकबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“आयकू आलं वो माय! पार पातूरपर्यंत आयकू आलं. आता उन्हात उभी नको राहू, सावलीत ये.”

पुण्याला नकार कळवणं, बाबांना सांगणं, हे अजून पुढे होतं आणि ते मुळीच सोपं गेलं नाही. दिवाळीपर्यंत बाबा माझ्याशी धड बोलले नाहीत. मांडवात मात्र तेच सगळ्यांच्या आधी येऊन बसले, आणि त्यांच्या शेजारी खुशालराव सर. पण तेव्हा, त्या बांधावर, मला एवढंच दिसत होतं की ओम सरीतून चिखल तुडवत माझ्याकडे येतोय आणि त्याच्या चेहऱ्यावर असं हसू आहे, जे त्या भट्टीतल्या चारही रविवारी मी पाहिलं नव्हतं.

तो जवळ आला. हात चिखलानं भरलेले, म्हणून नुसताच समोर उभा राहिला.

“एवढ्या जोरात काहून वरडली?” हळूच म्हणाला. “मले पयल्यांदाच आयकू आलं होतं.”

“मंग ‘काय, काय’ काहून करत होता?”

“पुन्हा आयकाचं होतं.”